आत्तुश: झाडाच्या सालीपासून विणलेले आयनू कापड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आत्तुश म्हणजे नेमके काय?

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर राहणाऱ्या आयनू या मूलनिवासी समाजाचे हे विणलेले कापड. झाडाच्या अंतरसालीचे पापुद्रे सुटे करायचे, ते चिरून बारीक पट्ट्या काढायच्या, पट्ट्या गाठीने जोडून पीळ द्यायचा आणि तो धागा कमरेला बांधायच्या मागावर विणायचा, अशी त्याची रीत आहे. कापडालाही आत्तुश म्हणतात आणि त्यापासून शिवलेल्या अंगरख्यालाही. रंग फिकट तपकिरी असतो आणि जुने होता होता तो गडद होतो.

म्हणजे आपल्या पुराणांतली वल्कलेच ना?

वल्कल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगाला गुंडाळलेली साल येते. जगात सालीची वस्त्रे दोन वेगळ्या वाटांनी तयार होतात. युगांडात किंवा पॅसिफिक बेटांवर साल ओली असताना मोगरीने बडवून पसरवतात. त्यात धागा नसतो आणि मागही लागत नाही. आत्तुशला उभा आणि आडवा असे दोन्ही धागे असतात, म्हणून ते पुरत्या अर्थाने कापड आहे. त्याचे जवळचे नाते अंबाडीच्या किंवा तागाच्या वाखाशी लागते. फरक इतकाच की इथे वाख झुडपाच्या काडीतून न निघता उभ्या झाडाच्या खोडावरून निघतो.

कोणते झाड लागते?

पहिली पसंती ओह्योला. हे एल्म कुळातले डोंगराळ भागातले झाड आहे. पानाच्या शेंड्याला तीन ते पाच टोके असतात, त्यामुळे ते जंगलात चटकन ओळखू येते. त्याची अंतरसाल मऊ असते आणि थर नीट सुटतात. त्याच कुळातले हारुनिरेही वापरतात, पण त्याचा धागा कडक आणि ठिसूळ निघतो. तिसरे झाड शिनानोकी, म्हणजे जपानी लिंडन. त्याचा वाख मजबूत असल्याने दोर आणि सारानिप नावाच्या पाठीवरच्या पिशव्यांसाठी तो फार चालतो. कापडही होते, पण ओह्योइतके मऊ होत नाही.

साखालिन बेटावरचे आयनू खाजकुयलीसारख्या खाजऱ्या नेटल झुडपाच्या वाखापासून तेतारापे नावाचे पांढरट कापड विणत. आत्तुशशी त्याची गल्लत करू नये, वाख आणि रंग दोन्ही वेगळे आहेत.

साल केव्हा काढतात?

वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. होक्काइदोत बर्फ उशिरा वितळतो, त्यामुळे हा काळ साधारण मे-जूनमध्ये येतो. तेव्हा झाडात रस चढत असतो. साल आणि लाकूड यांच्यामधला कोवळा थर ओला, निसरडा असतो आणि साल हाताने ओढली तरी सरसर सुटते. हंगाम चुकला की ती लाकडाला घट्ट धरते. मग हत्याराने खरवडावी लागते, आणि खरवडलेल्या सालीतले तंतू तुटलेले असल्याने तिचा धाग्याला उपयोग नसतो.

साल काढल्यावर झाड मरत नाही का?

पूर्ण घेर सोलला तर नक्की मरते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते ते या अंतरसालीतूनच. म्हणून खोडाच्या एकाच बाजूची साल घेतात आणि बाकीची तशीच ठेवतात. उरलेली साल वाऱ्याने उचकटून निघू नये म्हणून खोडाभोवती सालीचाच पट्टा बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. आयनूंच्या समजुतीप्रमाणे झाडात शिरांपा कामुय हा देव असतो, म्हणून साल घेण्याआधी त्याची प्रार्थना करून त्याला काहीतरी अर्पण करतात.

झाड निवडताना खोड सरळ आहे आणि खालच्या भागाला फांद्या नाहीत, हे बघतात. फांदी फुटलेल्या जागी सालीत भोक किंवा वळण असते. पुढे त्या भागातून निघालेली प्रत्येक पट्टी तिथेच तुटते. बुंध्यापाशी कुऱ्हाडीने आडवी खाच घेऊन सालीची कड सैल करतात. मग ती दोन्ही हातांनी धरून खोडापासून दूर आणि वर ओढत मागे मागे सरकतात. पट्टा वर जाता जाता निमुळता होतो आणि शेवटी आपोआप सुटून खाली येतो. चांगल्या झाडावरून कित्येक मीटर लांबीचा पट्टा मिळतो.

खडबडीत बाह्यसाल तिथल्या तिथे, ओली असतानाच काढून टाकतात. घरी नेऊन वाळल्यावर ती काढायला गेलात तर अंतरसालीचे वरचे थरही तिच्याबरोबर जातात.

अंतरसालीचे पुढे काय होते?

अंतरसाल दिसायला एकसंध असते, पण ती अनेक पातळ थरांची असते आणि ते थर चिकट द्रव्याने एकमेकांना धरून असतात. पुढचे सगळे काम म्हणजे हा चिकटा घालवणे. त्याच्या दोन वाटा आहेत.

जुनी वाट भिजवण्याची. साल दलदलीच्या किंवा साचलेल्या पाण्यात, नाहीतर गरम पाण्याच्या झऱ्यात काही दिवस ते काही आठवडे बुडवून ठेवतात. पाण्यातले सूक्ष्मजीव चिकटा खातात. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवतात त्यात हेच घडते. झऱ्याचे पाणी ऊन असल्याने तिथे काम लवकर होते.

दुसरी वाट उकळण्याची. लाकडाच्या राखेच्या पाण्यात साल काही तास उकळतात. राखेतल्या अल्कलीने चिकटा विरघळतो. होक्काइदोतल्या निबुतानी गावात आज मुख्यतः हीच पद्धत चालते, कारण इथे वेळ आपल्या हातात राहतो.

त्यानंतर साल वाहत्या पाण्यात धुतात. ही पायरी उरकून टाकू नये. बुळबुळीतपणा हाताला लागेनासा होईपर्यंत धुवायचे आणि धुता धुताच थर बोटांनी सुटे करत जायचे. लाकडाच्या बाजूचे थर फिकट आणि मऊ निघतात, बाहेरच्या बाजूचे गडद आणि जाडसर. ते वेगळे ठेवले तर पुढे कापडात रंगाचे पट्टे उगाच उमटत नाहीत. सुटे थर काठीवर टांगून वाळवतात. पूर्ण वाळलेला वाख कोरड्या जागी बराच काळ टिकतो, म्हणून उन्हाळ्यात साल आणायची आणि धाग्याचे काम हिवाळ्यात, असे वर्षाचे चक्र बसले होते.

किती उकळायचे? कमी-जास्त झाले तर?

घड्याळावर विसंबू नका. झाडाचे वय, सालीची जाडी आणि राखेचा जोर दर वेळी बदलतो. खरी खूण एकच: एक तुकडा बाहेर काढून थंड पाण्यात धुवा आणि कडेला नखाने उचला. पापुद्रे अडखळत न येता सलग सुटले तर झाले.

कमी उकळले तर थर जोडीजोडीने चिकटून येतात आणि धागा जाड, ताठ होतो. जास्त उकळले तर तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्यही निघून जाते. पापुद्रा लांबीच्या दिशेने फाटायच्या ऐवजी कुठेही तुटतो आणि हातात पिंजलेला लगदा येतो. कमी उकळलेली साल परत भांड्यात टाकता येते. जास्त उकळलेली मात्र वायाच जाते.

चिकटा अर्धवट धुतला गेला तर वाळल्यावर पापुद्रे पुन्हा चिकटतात आणि साठवणीत बुरशी धरतात.

कातकाम लागत नाही का? चाती, चरखा?

नाही. कापसाचा तंतू आखूड असतो, म्हणून पीळ देत देत तो लांबवावा लागतो. इथे वाख मुळातच लांब आहे. वाळलेला पापुद्रा किंचित ओला करून नखाने एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत चिरतात. दोन पट्ट्यांची टोके विणकरी गाठीने जोडून उरलेली शेपटी छाटतात आणि बोटांनी पीळ देत धाग्याचा गुंडा करतात. पीळ दिल्याने पट्टीच्या कडा आत वळतात. तसे झाले नाही तर चिरलेल्या कडांचे कुसळ विणताना शेजारच्या धाग्याला घासते.

नवशिक्यांची चूक सहसा पट्टीच्या रुंदीत असते. डोळ्याला दोन पट्ट्या सारख्या दिसतात, पण पापुद्रा एका टोकाला जाड असतो. म्हणून रुंदीपेक्षा बोटांना लागणाऱ्या जाडीवर लक्ष ठेवतात: पापुद्रा पातळ असेल तिथे पट्टी रुंद, जाड असेल तिथे अरुंद. पीळ दिल्यावर दोन्हींचा धागा सारखा होतो.

एका अंगरख्याला किती धागा लागतो?

हिशेब करून बघा. समजा कापड 35 सेंटिमीटर रुंद, 8 मीटर लांब आणि दर सेंटिमीटरला 8 धागे. उभे धागे झाले 280, प्रत्येकी 8 मीटर, म्हणजे 2,240 मीटर. आडवा धागाही तितकाच. एकूण साडेचार किलोमीटरच्या आसपास, आणि मागावर वाया जाणारे टोक वेगळे. पट्टी सरासरी दीड मीटरची धरली तर जवळजवळ 3,000 गाठी. कापड बारीक असेल तर आकडा आणखी चढतो.

आत्तुश महाग का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. लोक मागाचे फोटो काढतात, पण कष्ट त्याच्या खूप आधी, पट्ट्या चिरण्यात आणि गाठी मारण्यात गेलेले असतात. शिकायला येणारेही बहुतेक इथेच कंटाळतात.

माग कसा असतो?

आत्तुशकारपे नावाचा हा माग उभ्या चौकटीचा नसतो. सुट्या काठ्या, पट्ट्या आणि विणणारीचे शरीर मिळून तो तयार होतो. उभ्या धाग्यांचे एक टोक जुडी करून लांबच्या खुंटाला बांधतात. दुसरे टोक तुमामनी या काठीला, आणि ती काठी कमरेमागून घेतलेल्या पट्ट्याला. विणणारी जमिनीवर बसते. मागे रेलली की ताण वाढतो, पुढे झुकली की सैल होतो.

मधले भाग असे. ओसा ही फणी उभे धागे क्रमाने आणि सारख्या अंतरावर ठेवते. हातमागावर फणीनेच धागा ठोकतात, इथे ओसा ठोकायच्या कामाची नाही. कामाकाप वरचे आणि खालचे धागे वेगळे ठेवते. पेकाउनित या काठीवर दोऱ्याचे फास असतात आणि त्यांत खालचे धागे एकेक करून अडकवलेले असतात. आत्तुशपेरा ही लांब, चपटी लाकडी पट्टी, आणि अहुनकानित म्हणजे आडव्या धाग्याचा धोटा. परंपरेने विणकाम बायकांचे, आणि लाकडी हत्यारे पुरुष घडवत. म्हणूनच जुन्या आत्तुशपेरांवर देखणे कोरीवकाम सापडते.

प्रत्यक्ष विणतात कसे?

कामाकापमुळे धाग्यांत एक फट कायम तयार असते. त्यात आत्तुशपेरा घालून कडेवर उभी करायची, फट रुंद झाली की धोटा आरपार न्यायचा, पट्टी आडवी करून धागा अंगाकडे ठोकायचा. दुसऱ्या फटीसाठी थोडे पुढे झुकायचे, ताण सैल होताच पेकाउनित वर उचलायची, खालचे धागे वर आले की पट्टी घालून पुन्हा तेच. साधी एक-वर-एक-खाली अशी वीण आहे. कापड तयार होईल तसे ते तुमामनीवर गुंडाळायचे आणि बसल्या जागेवरून खुंटाकडे सरकायचे.

विणताना उभे धागे सारखे तुटतात. का?

आधी हवा बघा. हा वाख ओला असताना मजबूत आणि कोरडा असताना ठिसूळ असतो. शेकोटीजवळ, हीटरच्या खोलीत किंवा कोरड्या वाऱ्यात विणायला बसलात तर कितीही चांगला धागा तडकेल. ओलसर फडक्याने उभे धागे अधूनमधून पुसत राहा. मात्र भिजवू नका, फार ओला धागा ताणाने लांबतो आणि वाळल्यावर कापड आकसते.

हवा ठीक असूनही तुटत असतील तर कुठे तुटतात ते पाहा. गाठीपाशी तुटत असतील तर शेपटी लांब राहिली आहे आणि ती फणीत किंवा फासात अडकते. काठावरचे धागे तुटत असतील तर आडवा धागा ओढून घेतला जातो आहे: कापडाची रुंदी कमी होते आणि काठाचे धागे फणीत तिरके घासतात. धोटा गेल्यावर धागा थोडा तिरका, सैल सोडून मग ठोकला की हे थांबते. आणि कुठेही, कसेही तुटत असतील तर दोष वाखाचाच. साल जास्त उकळली गेली, हे निमूटपणे मान्य करावे.

कापड रंगवतात का?

मूळ कापड बहुधा नैसर्गिक रंगाचेच असते. उभ्या धाग्यांत मधूनमधून निळ्या सुती धाग्याच्या रेघा घातलेले जुने नमुने पुष्कळ आहेत. वाखही वनस्पतींच्या रंगात रंगवतात: आल्डर झाडाच्या सालीने तांबूस, अक्रोडाने तपकिरी.

अंगरख्यावरची नक्षी विणलेली असते का?

नाही, ती नंतर होते. गळा, बाह्यांची टोके, खालची कड आणि पाठ इथे गडद सुती कापडाच्या पट्ट्या टाकून त्यांवर भरतकाम करतात. सर्पिल वळणाला मोरेउ आणि काट्यासारख्या टोकाला आयुशी म्हणतात. वाईट शक्ती कपड्याच्या उघड्या कडांतून शिरू नये म्हणून नक्षी तिथे असते, असे स्पष्टीकरण सर्रास ऐकू येते. त्याच कडा सर्वांत जास्त झिजतात आणि दुहेरी कापडाने टिकतात, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

पूर्वी हे फक्त आयनूच वापरत का?

नाही. एदो काळात (1603-1868) आत्तुश व्यापाराचा माल झाला होता. जपानच्या पश्चिम किनाऱ्याने होक्काइदो ते ओसाका फिरणाऱ्या कितामाएबुने जहाजांवरचे खलाशी आणि कोळी ते आवडीने घालत. चिवट, पाण्यात न कुजणारे आणि ओले झाले तरी अंगाला न चिकटणारे कापड त्यांना हवेच होते. जपानच्या मुख्य होन्शू बेटावर या कुळातली दुसरी कापडेही आहेत. यामागाता आणि निइगाता भागातले शिनाफू लिंडनच्या सालीचेच असते, पण त्याचा धागा आणि माग वेगळे.

मग ते मागे का पडले?

स्वस्त सुती कापड आले, हे अर्धे उत्तर. दुसरे अर्धे असे की 1869 पासून मेइजी सरकारने होक्काइदोची वसाहत केली, जंगले सरकारजमा झाली आणि आयनूंच्या चालीरीतींवर बंधने आली. 1899 च्या ‘संरक्षण’ कायद्याने त्यांना शेतीकडे वळवले. तो कायदा 1997 पर्यंत पुस्तकात होता. साल ज्या झाडावरून काढायची त्या झाडापर्यंत जायचा हक्कच गेला, तर विणकाम टिकणार कसे?

2019 च्या कायद्याने आयनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली आणि सांस्कृतिक कामासाठी राष्ट्रीय वनांतून साहित्य घेण्याची वाट काढली. तरी चांगली ओह्यो झाडे आज सहज मिळत नाहीत. वृक्षतोड झालीच, शिवाय वाढलेली हरणेही एल्मची साल सोलून खातात. म्हणून नवी लागवडही चालू आहे.

आज हे काम कुठे बघायला मिळेल?

मुख्य ठिकाण म्हणजे बिरातोरी तालुक्यातले सारू नदीकाठचे निबुतानी. ‘निबुतानी आत्तुश’ला मार्च 2013 मध्ये, तिथल्या कोरीव लाकडी तबकांबरोबर, जपान सरकारचा पारंपरिक हस्तकला दर्जा मिळाला. होक्काइदोतून हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या वस्तू. गावात नगरपालिकेचे आयनू संस्कृती संग्रहालय आहे आणि कायानो शिगेरू यांनी उभारलेले संग्रहालयही. कायानो (1926-2006) हे जपानी संसदेतले पहिले आयनू सदस्य. या परिसरातल्या आयनू वापरातल्या 1,121 वस्तूंचा संग्रह 2002 पासून राष्ट्रीय संरक्षित आहे. शिराओइ इथले उपोपोय हे राष्ट्रीय केंद्र जुलै 2020 मध्ये सुरू झाले. साप्पोरोहून तिथे रेल्वेने जाता येते, निबुतानीला मात्र गाडी किंवा बस लागते.

विकत घेताना अस्सल कसे ओळखायचे?

कापड उजेडासमोर धरा. खऱ्या आत्तुशमध्ये धाग्याची जाडी किंचित बदलत जाते, मधेच छोट्या गाठी दिसतात, आणि भिंगातून पाहिले तर धागा पिळलेल्या फितीसारखा चपटा असतो. पृष्ठभागावर कापसाची लव नसते. गाठ एकही नाही आणि धागा यंत्रासारखा सारखा, तर ते दुसरेच काहीतरी. बजेट लहान असेल तर छोटी थैली किंवा पेल्याखालचा तुकडा घ्या. आयनू नक्षी छापलेले सुती कापडही दुकानांत असते. ते घ्यायला हरकत नाही, फक्त ते आत्तुश नव्हे.

धुवायचे कसे?

साध्या गार पाण्यात, हाताने दाबून. पिळू नका, घडी पडलेल्या जागी तंतू तुटतात. ब्लीच नको. सावलीत सपाट वाळवा. ठेवताना घडीऐवजी गुंडाळी बरी, आणि घडी घातलीच तर दर वेळी जागा बदला. आपल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेत तर बुरशी धरणारच, तेव्हा सुती फडक्यात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा.

महाराष्ट्रात करून बघता येईल का?

ओह्यो इथे नाही. त्याच्या कुळातला वावळ आहे, पण रस्त्यावरच्या उभ्या झाडाची साल काढू नका. परवानगीचा प्रश्न आहेच आणि शिकताना तुम्ही साल वायाच घालवणार. अंबाडीच्या काड्या घ्या, किंवा सह्याद्रीत जिच्या सालीचे दोर वळतात ती मुरुडशेंग, जिथे रीतसर मिळेल तिथून.

राखेऐवजी धुण्याचा सोडा चालतो. सुरुवातीला सुक्या सालीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका घ्या, म्हणजे 200 ग्रॅम सालीला 20 ग्रॅम, आणि साल बुडून वर चार बोटे राहील इतके पाणी. भांडे स्टीलचे हवे, अॅल्युमिनियमला सोडा खातो. हातमोजे घाला. अर्ध्या तासाने पहिला तुकडा तपासा आणि नंतर दर पंधरा मिनिटांनी. एवढ्या वाखातून पट्ट्या चिरून, गाठी मारून, पीळ देऊन आधी 50 मीटर सारखा धागा काढा. माग त्यानंतर. तोही विकत घ्यायला नको: चार गुळगुळीत काठ्या, एक लाकडी पट्टी, कमरेला जुना पट्टा आणि खिडकीचा गज पुरतो. विणायची पहिली पट्टी पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद धरू नका.